रस्त्यांचा छापील ॲटलास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबच्या प्रवासाला निघणारी मंडळी छापील ॲटलासबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, अडचणीचे मुद्दे मागाहून येतात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फोनमध्ये नकाशा आहे, तो बोलून रस्ताही सांगतो. मग हे जाडजूड पुस्तक कशाला न्यायचं?

रस्ता ठरवायला. पुढच्या चौकात डावीकडे की उजवीकडे, हे फोन उत्तम सांगतो आणि त्या कामात ॲटलास त्याच्या जवळपासही फिरकत नाही. पण नदीच्या या काठाने जावं की त्या काठाने, घाट टाळला तर किती लांब पडेल, उशीर झालाच तर मध्ये मुक्कामाजोगं मोठं गाव कुठलं, हे प्रश्न तळहाताएवढ्या स्क्रीनवर सुटत नाहीत. मोठा मुलूख बघायला नकाशा लहान केला की छोटे रस्ते आणि गावांची नावं गायब होतात. नावं दिसावीत म्हणून मोठा केला की आजूबाजूचा मुलूख निसटतो. ॲटलासची दोन पानं उघडली की सगळं नावांसकट एकदम समोर येतं.

शिवाय फोन दोन-तीन पर्याय देतो, ते त्याने निवडलेले असतात, आणि बहुतेक वेळा वेळ वाचवण्याच्या हिशोबाने. कागदावर त्याने न सुचवलेले रस्तेही दिसतात. तलावाला वळसा घालून जाणारा रस्ता वीस मिनिटं जास्त घेत असेल, तर तो तुम्हाला कोणी सुचवणार नाही. तो नजरेलाच पडावा लागतो.

रेंज आणि बॅटरी ही कारणं लोक आधी सांगतात. ती खरी आहेत (प्रश्न ८), पण मला दुय्यम वाटतात.

२. शाळेतला ॲटलास, घडीचा नकाशा आणि रस्त्यांचा ॲटलास यांत फरक काय?

शाळेतल्या ॲटलासमध्ये देश, हवामान, पिकं असतात. गाडी चालवणाऱ्याला तो निरुपयोगी. घडीचा नकाशा एकाच प्रदेशाचा, अखंड कागदावर असतो. घरी टेबलावर पसरायला छान, गाडीत उलगडणं म्हणजे कसरत. रस्त्यांचा ॲटलास हा तोच मोठा नकाशा चौकोनांत कापून, एकाच प्रमाणात, पुस्तकासारखा बांधलेला. शेवटी गावांची सूची. एकाच भागात आठवडाभर फिरायचं असेल तर घडीचा नकाशा बरा, पल्ला लांबचा असेल तर ॲटलास.

३. कोणत्या प्रमाणाचा, म्हणजे स्केलचा, ॲटलास घ्यावा?

इथे चूक झाली की पुस्तक कपाटातच राहतं, म्हणून जरा सविस्तर.

प्रमाण वाचायची सोपी रीत: शेवटची पाच शून्यं काढली की एका सेंटिमीटरला किती किलोमीटर ते मिळतं. १:२,००,००० म्हणजे १ सेंमीला २ किमी. १:५,००,००० म्हणजे ५ किमी. १:१०,००,००० म्हणजे १० किमी.

१:१०,००,००० चा ॲटलास पातळ आणि हलका असतो. 'कुठून कुठे' हे ठरवायला तो पुरतो, पण फाटे शोधायला नाही. कारण साधं आहे. त्यावर रस्त्याची रेघ एक मिलिमीटर जाड असेल, तर ती जमिनीवरच्या एक किलोमीटर रुंदीवर पसरते. मग शेजारून जाणारी नदी आणि रेल्वे कुठे काढायची? नकाशाकार त्या थोड्या बाजूला सरकवतात. म्हणून अशा नकाशावर 'गाव नदीच्या अलीकडे आहे' हे वाक्य जपूनच वाचावं.

प्रत्यक्ष फिरताना १:२,००,००० ते १:३,००,००० हा पट्टा मला सगळ्यात कामाचा वाटतो. युरोपातल्या रस्त्यांचे मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे नकाशे अनेक दशकं १:२,००,००० प्रमाणात निघत आले आहेत, ते उगाच नाही. या प्रमाणात गावाला वळसा घालणारा बायपास वेगळा दिसतो आणि घाटातली मोठी वळणंही ओळखू येतात. विरळ वस्तीच्या, अवाढव्य देशात मात्र इतका तपशील नको. तिथे अर्धी पानं मोकळीच निघतात.

एक सापळा: काही ॲटलासमध्ये दाट वस्तीचे भाग एका प्रमाणात आणि उरलेले दुसऱ्याच प्रमाणात असतात. पान उलटताना कोपऱ्यातली मोजपट्टी बदलली का, तेवढं बघा. एका पानावर बोटभर अंतर अर्ध्या तासाचं आणि पुढच्यावर तेवढंच बोट दोन तासांचं, असं होऊ शकतं.

४. नकाशावरून अंतर आणि वेळ कसा काढायचा?

आधी रस्त्याकडेचे बारीक आकडे बघा. चांगल्या ॲटलासमध्ये दोन खुणांमधलं अंतर छापलेलंच असतं, त्यांची बेरीज करायची. आकडे नसतील तर कागदाची सरळ कड घ्या. ती रस्त्यावर ठेवायची, वळण आलं की तिथे पेन्सिल टेकवून कागद तेवढाच फिरवायचा, पुढे मोजायचं. शेवटी कागद मोजपट्टीला लावायचा.

सपाट भागात हे बऱ्यापैकी बरोबर येतं. डोंगरात कायम कमी भरतं, कारण प्रत्येक नागमोडी वळण त्या प्रमाणात काढताच येत नाही. पंधरा वळणांची पाच होतात. म्हणून घाटाच्या मोजलेल्या अंतरात हात सैल ठेवून भर घाला.

वेळेसाठी अंतरापेक्षा रस्त्याची जात महत्त्वाची. दुपदरी वळणांच्या रस्त्यावर तासाला तीस-पस्तीस किलोमीटर धरले तर सहसा निराशा होत नाही. वाहतूक कोंडीचा अंदाज मात्र कागद देऊच शकत नाही, तिथे फोनचंच ऐका.

५. इतक्या खुणा असतात! आधी कोणत्या शिकाव्यात?

रस्त्यांचे रंग आणि जाडी पहिल्याच दिवशी कळतात. खरी कामाची खूण म्हणजे रस्त्यावरचे छोटे बाण, म्हणजे तीव्र चढ. मिशेलिनच्या नकाशांवर एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३ आणि तीन म्हणजे त्याहून जास्त चढ. दहा टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर. भरलेल्या गाडीला हे चांगलंच जाणवतं.

आणि इथे एक गंमत आहे, जी ऐन घाटात गंमत राहत नाही: मिशेलिनचे बाण चढाच्या दिशेने टोक करतात, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे उताराच्या दिशेने. प्रकाशक बदलला की खुणांचं पान नव्याने वाचायचं, ते यासाठी.

मग पुढच्या गोष्टी: तुटक रेघ (कच्चा रस्ता किंवा काम चालू), नदीवर पूल आहे की फेरी (गाड्या पलीकडे नेणारी बोट), बर्फाने बंद होणाऱ्या खिंडीजवळ कंसातले महिन्यांचे आकडे, आणि रस्त्याला लागून हिरवी कड असेल तर निसर्गरम्य मार्ग. पुलाच्या जागी फेरीची खूण असताना ती न बघितल्याने झालेले खोळंबे बरेच ऐकले आहेत.

६. माझा रस्ता पानाच्या कडेला संपतो. पुढे कुठे बघायचं?

कडेला बाणात किंवा चौकटीत एक आकडा असतो, तो पुढच्या पानाचा. पूर्व-पश्चिम जाताना तो बहुधा लगतचाच असतो, उत्तर-दक्षिण जाताना मात्र पंधरा-वीस पानांची उडी पडते. निघण्याआधी लागणाऱ्या पानांना क्रमाने चिकट पट्ट्या लावून ठेवाव्यात.

चांगल्या ॲटलासमध्ये शेजारच्या पानांवर कडेचा भाग दोनदा छापलेला असतो, म्हणजे कडेवरचं गाव दोन्हीकडे सापडतं. विकत घेताना हे तपासा, आणि मधली शिवणही बघा. गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकात पानांच्या मधल्या घळीत अख्खा रस्ता गडप होतो. सर्पिल तारेची बांधणी दिसायला साधी वाटते, पण ती सपाट पसरते आणि दुमडून मांडीवरही राहते.

७. गावाचं नाव सूचीत सापडतच नाही.

आधी स्पेलिंग बदलून बघा. जुनं आणि नवं नाव, उपसर्ग मागे गेलेला, दोन शब्दांचा एक झालेला. तरीही नाही मिळालं, तर गाव त्या प्रमाणासाठी लहान असणार. मग फोनवर शोधा, जवळच्या मोठ्या गावाचं नाव बघा आणि ते सूचीत काढा. एकाच नावाची चार गावं असतील तर पान आणि चौकोनाचा क्रमांक दोन्ही जुळवा (आणि प्रश्न ९ वाचाच).

८. जीपीएस रेंजशिवायही चालतं ना? मग ऑफलाइन नकाशा पुरेसा नाही का?

चालतं. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर भर रानातही निळा ठिपका दिसतो. रेंज नसेल तर पहिल्यांदा ठिकाण पकडायला वेळ लागू शकतो, इतकंच. त्यामुळे 'रेंज जाते म्हणून ॲटलास' हा युक्तिवाद आता तितका भक्कम राहिलेला नाही.

उरतात त्या बारीकसारीक गोष्टी, ज्या नेमक्या एकदम येतात. उतरवलेल्या नकाशाची चौकट तुम्ही ठरवलेल्या मार्गापुरती असते. रस्ता बंद निघाला आणि लांबचा वळसा घ्यावा लागला की चौकटीबाहेर कोरी जागा. उतरवलेले नकाशे काही काळाने कालबाह्य होतात. आणि ऊन. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. काचेमागे, डॅशबोर्डवर, चार्जिंगला लावलेला फोन ती केव्हाच ओलांडतो. आधी स्क्रीन मंद होते, मग फोन थंड होईपर्यंत काम थांबवतो.

ऑफलाइन नकाशा ठेवाच. ॲटलास त्याच्या जोडीला.

९. फोन भलतीकडे नेतोय हे ॲटलासवरून कसं ओळखायचं?

निघण्याआधी. २००९ साली इटलीत एका स्वीडिश जोडप्याला काप्री बेटावर जायचं होतं. यंत्रात दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते उत्तरेतल्या कार्पी नावाच्या औद्योगिक गावात पोचले, शेकडो किलोमीटर दूर. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. दिलेल्या पत्त्यावर बिनचूक नेलं. पण काप्री हे बेट आहे. वाटेत समुद्र लागला नाही, बोट लागली नाही, हे खटकायला डोक्यात आधी एक चित्र असावं लागतं, आणि ते ॲटलास पाच मिनिटांत देतो.

म्हणून निघण्याआधी तीनच गोष्टी बघा: मुख्य दिशा कोणती, वाटेत कोणती दोन-तीन मोठी गावं, आणि कोणती मोठी नदी किंवा डोंगररांग ओलांडायची. यातली एक जरी वेळेवर आली नाही, तर गाडी बाजूला घ्या.

१०. ॲटलासमध्ये निळा ठिपका नसतो. मी कुठे आहे हे कसं शोधू?

एका खुणेवर विश्वास ठेवू नका, खुणांचा क्रम जुळवा. समजा आत्ता पूल ओलांडला. लगेच रेल्वे फाटक लागलं. मग रस्ता रुळांना डावीकडे ठेवून सरळ गेला आणि थोड्या अंतरावर उजवीकडे फाटा फुटला. नदी, रूळ, रुळांची बाजू, फाटा: हा क्रम नकाशाच्या एका पानावर दोन ठिकाणी सापडणं कठीण. पूल तर दहा असतील. किलोमीटरचे दगड आणि फलकावरचा रस्त्याचा क्रमांक मिळाला तर काम आणखी सोपं.

लोकांना विचारताना 'हा रस्ता अमुक गावाला जातो ना?' असं विचारू नका; भिडेपोटी होकार मिळतो. 'हा रस्ता कुठे जातो?' असं विचारा. बॉनेटवर ॲटलास पसरला की चार जण आपणहून जमतात, आणि त्यातला एक तरी 'तो पूल वाहून गेलाय' हे सांगणारा निघतो.

११. फोन नकाशा फिरवतो, ॲटलासमध्ये उत्तर कायम वर. दक्षिणेला जाताना डावं-उजवं उलटं होतं. काय करू?

पुस्तक फिरवा. नावं उलटी वाचावी लागतात, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फोनचा हा थाट नवा नाही. १६७५ साली जॉन ओगिल्बी यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या रस्त्यांचे शंभर नकाशे छापले, एका मैलाला एक इंच या प्रमाणात. प्रत्येक रस्ता कागदी पट्टीसारखा खालून वर जाणारा, शेजारी चढ आणि फाटे, आणि प्रत्येक पट्टीवर वेगळं होकायंत्र, कारण 'वर' म्हणजे उत्तर नसून पुढे. रस्ता सोडला की मात्र त्या पट्टीबाहेर काहीच काढलेलं नव्हतं. फोनवरही सध्या जवळपास हेच चालतं. सगळा मुलूख हवा असेल तर उत्तर वर असलेल्या पानाची सवय करून घ्यावी लागते. फार दिवस लागत नाहीत.

१२. घरी जुना ॲटलास आहे. किती जुना चालेल?

डोंगर, नद्या आणि जुने रस्ते पन्नास वर्षांनीही तिथेच असतात. बदलतात ते बायपास, द्रुतगती मार्ग, पूल आणि क्रमांक. क्रमांकांचा फटका मोठा. भारतात २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नव्या पद्धतीने क्रमांक दिले गेले: उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. त्याआधीचा ॲटलास हातात असेल तर फलक आणि पान यांचा मेळ बसणार नाही. (अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांची रीत नेमकी उलटी आहे, तिथे उत्तर-दक्षिण विषम.)

नवा घेतानाही मुखपृष्ठावरच्या सालाला भुलू नका. आतल्या पानावर 'सुधारित आवृत्ती' आहे की 'पुनर्मुद्रण' ते वाचा. त्याहून खात्रीचा उपाय: तुम्हाला माहीत असलेला, गेल्या दोन-तीन वर्षांत सुरू झालेला पूल किंवा बायपास त्यात शोधा. नसेल तर नवं आहे ते फक्त मुखपृष्ठ.

१३. नकाशातलं गाव प्रत्यक्षात नव्हतंच. असं होतं?

क्वचित, पण होतं. नक्कल पकडण्यासाठी नकाशाकार मुद्दाम एखादं खोटं नाव घालत आले आहेत. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ॲग्लोचं. १९३० च्या दशकात एका नकाशा कंपनीने ते कच्च्या रस्त्याच्या एका तिठ्यावर टाकलं. पुढे तिथे कुणी दुकान काढलं आणि नकाशात बघून त्याला तेच नाव दिलं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात ॲग्लो दिसल्यावर चोरी पकडल्यासारखं वाटलं खरं, पण तोवर त्या नावाचं ठिकाण उभंच राहिलेलं होतं.

व्यवहारात मात्र खोट्या गावापेक्षा उठून गेलेली वस्ती किंवा धरणाखाली गेलेलं गाव भेटण्याचीच शक्यता जास्त.

१४. मी एकटाच गाडी चालवतो. ॲटलास बघणार कोण?

चालवताना कोणीही नाही. मांडीवरचा ॲटलास फोनपेक्षा धोकादायक आहे. निघण्याआधी एक चिठ्ठी लिहा, मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एक गोष्ट. साधारण अशी:

पूल – लगेच डावीकडे – १४ किमी
मोठं गाव – बायपास नको, गावातून
तिठा – उजवीकडे, चढाचा रस्ता
रेल्वे रूळ लागले = पुढे आलो, मागे फिर

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नेमकी तीच वाचवते: वळण चुकलं हे कशावरून कळेल? प्रत्येक महत्त्वाच्या वळणासाठी 'यापुढे गेलो तर काय दिसेल' हे नकाशावर बघून ठेवायचं.

१५. शहरात उपयोग होतो का?

फारसा नाही. एकेरी रस्ते, बंद केलेली वळणं, उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, हे फोनचं क्षेत्र. ॲटलासमधल्या शहराच्या छोट्या नकाशावर एकच गोष्ट बघा: शहरातून न जाता बाहेरून कसं जाता येईल.

१६. सायकल, मोटरसायकल किंवा उंच गाडी असेल तर?

सायकलवाल्यांनी १:२,००,००० पेक्षा लहान, म्हणजे कमी तपशिलाच्या, प्रमाणाच्या भानगडीत पडू नये. चढाचे बाण (प्रश्न ५) त्यांच्यासाठी अंतराच्या आकड्यांइतकेच मोलाचे. वजन नको असेल तर लागणारी पानं कापून न्यावीत.

मोटरसायकलवर टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक कप्प्यात एक पान मावतं; घडी अशी घाला की पुढचा शंभर किलोमीटरचा भाग वर राहील.

ट्रक, कॅम्पर किंवा छतावर सामान लादलेली गाडी असेल तर साध्या ॲटलासवरही भरवसा नको आणि फोनच्या साध्या ॲपवरही. अशा ॲपला गाडीची उंची माहीत नसते. काही देशांत मालवाहतूकदारांसाठी वेगळे ॲटलास निघतात, त्यांत कमी उंचीचे पूल आणि वजनाची मर्यादा असलेले रस्ते दिलेले असतात. तो घ्या, आणि गाडीची उंची स्टिअरिंगसमोर लिहून चिकटवा.

१७. परदेशी जाताना ॲटलास इथून न्यावा की तिथे घ्यावा?

शक्यतो तिथला, तिथे छापलेला. रस्त्यांचं वर्गीकरण, क्रमांक आणि फलकांचे रंग जुळतात. लिपी वेगळी असेल तर स्थानिक लिपी आणि रोमन दोन्ही असलेला शोधा. नुसत्या रोमन नावांचं पान वाटेतल्या माणसाला दाखवून उपयोग होईलच असं नाही.

सीमांचा मुद्दा नाजूक आहे. वादग्रस्त सीमा प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने छापतो आणि काही देश याबाबत कडक आहेत. भारतात देशाच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणाऱ्या नकाशांच्या आयातीला बंदी आहे. चीनमध्ये २०१९ साली छिंगताओ इथल्या कस्टमने निर्यातीसाठी छापलेले सुमारे ३०,००० नकाशे सीमांच्या कारणावरून नष्ट केले. शेजारी-शेजारी देश फिरताना एका देशाचा ॲटलास दुसऱ्याच्या सीमेवर हातात धरून उभं राहू नये. प्रत्येक देशाचा वेगळा घ्यावा.

१८. ॲटलासची पीडीएफ टॅबलेटवर ठेवली तर?

ठरवण्याच्या कामाला बरी, वजन शून्य. पण बॅटरी आणि उन्हाचा प्रश्न तसाच (प्रश्न ८), आणि दोन पानं शेजारी ठेवून बघण्याचा मुख्य फायदा अर्धा जातो. पावसात मात्र दोन्ही सारखेच हतबल. प्लॅस्टिकची पिशवी बाळगा.

१९. ॲटलासवर लिहावं का? खराब होतो ना!

लिहावंच. पेन्सिल किंवा पातळ हायलायटर वापरा. गडद मार्करने रस्त्याची रेघ आणि तिच्यावरचा क्रमांक दोन्ही झाकले जातात, म्हणून रेघेच्या बाजूने ओढा, वरून नको. खड्ड्यांचा रस्ता, बंद निघालेला पंप, फक्त रोख घेणारा टोलनाका, धुकं लागणारी खिंड, असं जे कळेल ते जागच्या जागी लिहा आणि महिना-साल टाका. तारखेशिवाय 'रस्ता खराब' ही नोंद दोन वर्षांनी दिशाभूल करते. नवी आवृत्ती घेतली की जुनीतल्या अजून लागू असलेल्या नोंदी तिच्यात उतरवून घ्या आणि जुनी गाडीतून काढून ठेवा. दोन्ही सीटमागच्या खिशात राहिल्या तर घाईत हाताला हटकून जुनीच लागते.